हळूबाईंची उमेदवारी

हळूबाईंना हे नाव कुणी दिलं, ते आता कुणालाच आठवत नाही. वॉर्डबॉयनं ट्रॉली दणकन वळवली की त्या म्हणत, "हळू." नातेवाइकांनी दार आपटलं, "हळू." मोठे डॉक्टर तावातावानं बोलायला लागले तर त्यांनाही तेच, "हळू, सर." सरही गप्प होत. सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात गेली, त्यात आवाजाला असं वळण पडलं होतं की ज्याच्याशी बोलायचं त्याला पुरेपूर ऐकू यावं आणि शेजारच्या खाटेवरच्याची झोप मोडू नये.

आता देवाची करणी बघा. अशा बाईला नवरा मिळाला बसचा ड्रायव्हर. जन्मभर इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसल्यामुळे ड्रायव्हरकाकांचे कान निवृत्तीच्या आधीच निवृत्त झालेले. बायकोचा आवाज असा आणि नवऱ्याचे कान असे! पण काका हुशार. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच ते बायकोचे ओठ वाचायला शिकले. पुढे पुढे तर ती पाठमोरी असली तरी मानेवरून ओळखत. भांडण झालं की काका नुसते डोळे मिटून घेत. झालं, भांडण बंद!

"डोळे उघडा," असं ती त्यांचा खांदा हलवून म्हणे, "अजून माझं संपलं नाही."

"काही ऐकू आलं नाही," काका मिटल्या डोळ्यांनीच उत्तर देत.

काका तिला रोज स्कूटरवरून दवाखान्यात सोडत आणि आणायला जात. ड्युटी सुटायची वेळ एक आणि बाईसाहेब बाहेर यायची वेळ दुसरीच. सुरुवातीला काका फाटकाशी उभे राहून चरफडत. मग त्यांना कळलं, मधे 'ओव्हर' नावाची भानगड असते. जाणारी सिस्टर येणारीला एकेका खाटेपाशी नेऊन सांगते: ह्याचा ताप उतरला, ह्याचं सलाईन दुपारी बदला, ही बाई रात्रभर रडली, तिच्याशी दोन शब्द बोला. सगळं ऐकून येणारी म्हणते, "घेतलं." तिनं 'घेतलं' म्हटल्याशिवाय जाणारीनं उंबरठा ओलांडायचा नाही, आणि एकदा म्हटलं की वॉर्ड तिचा. मग आभाळ कोसळलं तरी मागे हटायची सोय नाही.

तर अशा ह्या हळूबाई परिचारिकांच्या संघटनेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. काकांना हे कळलं तेव्हा ते दाढी करत होते. आरशातच त्यांनी तिचे ओठ वाचले आणि हनुवटी कापून घेतली.

"अगं, तू? भाषण कोण करणार?"

"मी."

"आणि ऐकणार कोण?"

कारण समोर उमेदवार कोण होती, तर भोंगा! ही बाई सलग तीन वेळा अध्यक्ष झालेली. ती तळमजल्यावर खोकली तर तिसऱ्या मजल्यावरचे पेशंट उठून बसत. मंत्र्यापुढे उभी राहून तिनं पगारवाढ आणली होती, गणवेशाचा भत्ता आणला होता, सगळं आवाजाच्या जोरावर. बाई मनानं लाखमोलाची, आणि गंमत अशी की हळूबाईंची सख्ख्या बहिणीसारखी मैत्रीण. शिकताना दोघी हॉस्टेलच्या एका खोलीत राहिलेल्या. भोंगा झोपेत बोलायची, तेही मोठ्यानं.

मग बिनसलं कुठे? तर एकाच मागणीवर. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डात एकटी सिस्टर असते, तिथे दोघी हव्यात, असं हळूबाई वर्षानुवर्षं सांगत होत्या. आणि भोंगा दरवर्षी ती मागणी यादीच्या तळाशी टाकत होती.

"हळू, अगं मिळणार नाही ते मागून तोंड कशाला वाया घालवायचं?" भोंगा म्हणाली. "वरचे म्हणतात, माणसंच नाहीत."

"मागितलंच नाही तर मिळेल कुठून?"

"मग तू उभी राहा नि माग!"

चिडून बोललेलं वाक्य ते. पण हळूबाईंनी ते खरं केलं. वॉर्डातल्या तरण्या पोरींनी त्याच दिवशी अर्ज भरून टाकला. एवढं होऊनही दुपारी दोघी एकाच बाकावर डबा खायला बसल्या, हे विशेष. भोंगा लोणच्याची फोड तिच्या डब्यात टाकत म्हणाली, "पाडणार मी तुला."

"पाड. पण लोणचं अजून एक दे."

प्रचाराचं सारथ्य अर्थातच काकांकडे आलं. रोज एका दवाखान्यात जायचं, सिस्टरांना भेटायचं, पत्रकं वाटायची. पहिल्याच दिवशी बाई आत गेल्या आणि गडप झाल्या. काका खाली वाट बघून कंटाळले आणि शोधत वर गेले. बघतात तर उमेदवार एका म्हाताऱ्याची उशी नीट करतेय! तिकडच्या इन्चार्ज सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"ताई, तुम्ही मत मागायला आलात की ड्युटीला?"

"मान अवघडली होती हो त्यांची," हळूबाई ओशाळून म्हणाल्या. मत मागायचं राहूनच गेलं.

काकांनी तरी काय दिवे लावले? त्यांनी सगळी पत्रकं रांगेतल्या पेशंटना वाटली. एका आजोबांनी चष्मा लावून पत्रक वाचलं आणि काकांचा हात धरला. "बाई चांगल्या वाटतात. ह्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर?"

भाषणाची तयारी गच्चीवर चालायची. काका टाकीजवळ उभे राहत, बाई जिन्याच्या दाराशी.

"मोठ्यानं बोल! ऐकू येत नाही!"

"तुम्हाला कधी येतं?"

"अगं, मला सोड. तो बघ, कबुतराला पण ऐकू येत नाहीये. तुझ्या पायाशी बसलंय निवांत!"

एकदा तिनं जीव खाऊन आवाज चढवला. शब्द मधेच फाटला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. काका पाण्याचा तांब्या घेऊन धावले. ती कठड्याला टेकून बसली आणि म्हणाली, "नाही होणार माझ्याच्यानं. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात ना, तसं आहे हे. माझ्या टोपलीत काय आहे ते कुणी बघणारसुद्धा नाही."

काकांना माहीत होतं टोपलीत काय आहे ते. वर्षं लोटली होती त्या गोष्टीला. एका सकाळी ती फाटकातून बाहेर आली, स्कूटरवर मागे बसली आणि घर येईपर्यंत तिचं कपाळ त्यांच्या पाठीवर टेकलेलं होतं. त्या दिवशी ओठ वाचायची गरजच पडली नव्हती. म्हणून आता ते एवढंच म्हणाले, "ओरडू नकोस. तुला येतं तसं सांग."

सभेचा दिवस उजाडला. गावोगावच्या सिस्टरा आलेल्या, सभागृह गच्च भरलेलं. काकांना शेवटच्या रांगेत जागा मिळाली, चहाच्या किटलीशेजारी. आधी भोंगा बोलली. माईक बाजूला सारून बोलली, तरी खिडक्यांच्या काचा थरथरल्या. टाळ्यांचा पाऊस. मग हळूबाई उठल्या. त्यांनी माईकशी तोंड नेलं, माईक किंचाळला, त्या दचकून मागे सरल्या. कुणीतरी हसलं.

हळूबाईंनी माईक बंद केला. पदराला हात पुसले. आणि ड्युटी संपताना उभ्या राहत तशा उभ्या राहून बोलायला लागल्या. शेवटच्या रांगेतून काकांनी ओठ वाचले.

"सिस्टर, ओव्हर देते. बेड नंबर एक, आपला पगार. तब्येत बरी आहे, अध्यक्षांनी चांगली काळजी घेतली. बेड दोन, गणवेश भत्ता. झोपलाय, उगाच उठवू नये. बेड तीन, बदल्या. जुनाट दुखणं आहे. मोठे डॉक्टर राउंडला येतात, लांबून बघतात आणि निघून जातात."

काकांना हसू ऐकू आलं नाही, पण खांदे हलताना दिसले. मग त्यांनी आयुष्यात कधी न पाहिलेली गोष्ट पाहिली. सगळ्या सभागृहातली डोकी हळूच पुढे झुकली. कुणी खुर्ची वाजवेना, कुणी पिशवी उघडेना. किटलीवाल्यानं सुद्धा ओतता ओतता हात थांबवला. ओव्हर चालू असताना मधे बोलायचं नसतं, हे त्या सगळ्याजणींच्या हाडीमाशी मुरलेलं होतं.

"बेड चार. रात्रपाळी. हा पेशंट गंभीर आहे." हळूबाई थांबल्या. "एका रात्री मी वॉर्डात एकटी होते. बेड नऊचे बाबा आणि दाराजवळची एक मुलगी, दोघांचा श्वास एकदमच अडला. मला पाय दोनच. मी मुलीकडे गेले. मुलगी वाचली. सकाळी ओव्हर देताना मी म्हटलं, बेड नऊ रिकामा. घेणारीनं मला एक शब्द विचारला नाही. माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाली, 'घेतलं. आता घरी जा.' मी घरी गेले. पण ते बाबा अजून माझ्याकडेच आहेत. त्यांचं ओव्हर मला कुणाला देताच आलेलं नाही. अशा सिस्टरा इथे पुष्कळ आहेत. रात्री दोघी हव्यात. बस, एवढंच. माझं ओव्हर संपलं."

आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. समोरचीनं म्हटल्याशिवाय हलायचं नसतं ना!

काका बघत होते भोंग्याकडे. त्या सकाळी पेन काढून घेणारी कोण होती, ते त्यांना ठाऊक होतं. भोंगा मंचावर बसली होती, मान खाली घालून. मग तिनं वर पाहिलं आणि अख्ख्या सभागृहात घुमेल अशा आवाजात म्हणाली, "घेतलं!"

हे मात्र काकांच्या कानांनाही ऐकू आलं.

मतमोजणी झाली आणि निवडून आली भोंगा. तसं बरोबरच होतं. मागणी तिनं सगळ्यांदेखत घेतलेली, आवाजही तिचाच, मग मतं दुसरीकडे कशाला जातील? काकांनी गुपचूप आणलेला फुलांचा गुच्छ पाठीमागे लपवला. एवढ्यात भोंगा गर्दीतून वाट काढत आली.

"हळू, फसवलंस तू मला! तोंडातून निघून गेलं माझ्या!"

"मग परत कर."

"घेतलेला पेशंट परत करता येतो होय गं?" भोंग्याचे डोळे भरले होते आणि ओरडणं काही थांबत नव्हतं. "सोमवारी मोठ्या साहेबांकडे जायचंय. तू पण चल. मी आवाज लावीन, बेड नऊचं तू सांग. आणि ड्रायव्हरसाहेब, तो गुच्छ कुणाचा? माझाच असणार. आणा इकडे!"

साहेबांकडे त्या एकदा नाही, चपला झिजेपर्यंत गेल्या. एक खिंडीत गाठायची, दुसरी समजावायची. साहेब म्हणे शेवटी शिपायाला विचारायला लागले, "आज कोणत्या आल्यात? मोठ्या आवाजाच्या की छोट्या?" "दोन्ही, साहेब," शिपाई म्हणायचा, आणि साहेब कपाळाला हात लावायचे. सगळं एकदम मिळालं नाही. पण मोठ्या वॉर्डांत रात्री दुसरी सिस्टर द्यायचा हुकूम निघाला, आणि त्यात हळूबाईंचा वॉर्ड होता.

हुकमानंतरच्या एका रात्रपाळीहून त्या घरी आल्या, पायरीवर बसल्या आणि बूट काढायला लागल्या. काका समोर बसून दुसऱ्या बुटाची नाडी सोडू लागले आणि ओठांकडे पाहत राहिले.

"काल दोघांचं एकदमच बिघडलं," त्या म्हणाल्या. "खिडकीजवळचे मास्तर आणि तो रंगारी."

काकांचा हात बुटाच्या नाडीवरच थांबला. "मग?"

"मग काय! नवी पोरगी रंगाऱ्याकडे धावली, मी मास्तरांकडे."

"आणि?"

"सकाळी दोघांनीही चहा मागितला," हळूबाई म्हणाल्या. "मास्तरांना बिनसाखरेचा."