हाताचा क्लच

दादाचा डावा पाय गुडघ्याखाली कापला त्याला तीन वर्षं होत आली होती. एका सकाळी त्यानं निरोप धाडून मला बोलावून घेतलं. गेलो तेव्हा तो अंगणात बाजेवर बसला होता, कुबडी शेजारी आडवी टाकलेली. समोर लिंबाखाली त्याची जीप. चारही चाकं बसलेली, टपाचं कापड फाटून लोंबत होतं आणि बॉनेटवर कोंबड्यांची घाण.

"ही चालू कर," तो म्हणाला.

मला वाटलं, विकायची असेल. "गिऱ्हाईक लागलं का?"

"विकायला न्हाई. मला चालवायची हाय."

मी त्याच्या पायाकडे बघितलं, म्हणजे पाय नव्हता तिकडे. "क्लच कशानं दाबशील?"

"हातानं. तू करून दे."

मी काही बोलायच्या आत आतून वहिनींचा आवाज आला. "त्या गाडीपायी जलमभर घर दिसलं न्हाई त्यांला. आता पुन्हा काहून?" दादानं तिकडे लक्ष दिलं नाही. म्हणाला, "तीन वर्षं झाली, मी वरचं शेत बघितलं न्हाई. पोरं मोटारसायकलवर मागं बसवतो म्हनतात. मला कोनाच्या मागं पोत्यावानी बसून जायचं न्हाई."

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आयुष्यभर त्यानं याच जीपवर गोरेगाव-सेनगाव-हिंगोली अशा सवाऱ्या केल्या. मी गोरेगावात गॅरेज चालवलं. अलीकडे वेल्डिंगचा उजेड डोळ्यांना सोसत नाही म्हणून शटर ओढून घरीच होतो. ती जीप आमच्याकडे आली तेव्हाच म्हातारी होती. लष्कराच्या लिलावातून निघून किती हातांतून फिरली कोण जाणे. पुढची काच बॉनेटवर पाडता यायची आणि पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. म्हणून मीच तिचं मूळ इंजिन उतरवून डिझेलचं बसवलं. माझ्या हातचं ते पहिलं मोठं काम. नव्या इंजिनाचा धुराचा पाईप उलट्या अंगाला निघत होता, तो मी चालवणाऱ्याच्या पायाखालून वळवून मागे नेला. सेनगावचे मेकॅनिक येऊन बघून गेले होते तेव्हा. मला फार अभिमान होता त्या कामाचा.

पायाचं असं झालं होतं. दादाला साखरेचा आजार जडला आणि तळपाय बधिर होत गेले. गाडी चालवताना तो चप्पल काढून ठेवायचा. पेडल अनवाणी पायालाच कळतं, असं म्हणायचा. एका उन्हाळ्यात डाव्या तळव्याला फोड आला, फुटला, चिघळला. त्याला दुखतच नव्हतं, म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. घरात वास सुटला तेव्हा कळलं. नांदेडला नेलं तर डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि वहिनींकडे बघून विचारलं, "एवढं होईपर्यंत घरात कुणी पाय बघितला नाही का?" वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. तेव्हापासून कुणीही भेटायला आलं, की दादाच्या आधी त्याच सांगायच्या, "माझंच ध्यान न्हवतं." आलेली माणसं "असू द्या" म्हणायची, पण "तुमचं काय चुकलं" असं कुणी म्हणायचं नाही. मीही कधी म्हटलं नव्हतं.

होळी झाल्यावर मी काम धरलं. रोज सकाळी अवजारांची पेटी घेऊन दादाच्या अंगणात जायचो. इंजिन जाम झालं होतं, त्यात डिझेल आणि तेल ओतून आठवडाभर मुरू दिलं. वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. डायनॅमो हिंगोलीच्या भंगारातून आणला. लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नसायचा, त्यामुळे वेल्डिंगचं काम अर्धवट राहायचं आणि मी दादाशेजारी बाजेवर बसून राहायचो. दादा कुबडीनं दाखवायचा. "त्यो नट उलट्या आट्याचा हाय. आधी खालचा सोड." बहुतेक वेळा बराबर असायचं त्याचं. दहा वाजता वहिनी चहा आणून ठेवायच्या. त्यांना ते काम पसंत नव्हतं, पण चहा कधी चुकला नाही.

चालवणाऱ्याच्या पायाखालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता. तो कापून काढला आणि उलटा केला. बाकी सगळीकडे लाल गंज होता, पण डाव्या पायाच्या जागी हातभर लांबीचा पट्टा निळा-काळा पडला होता. लोखंड सतत तापलं की असा रंग येतो. धुराचा पाईप बरोबर त्याच्या खालून गेलेला. आणि पाईप आणि पत्रा यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

तिथे अॅस्बेस्टॉसचा जाड पुठ्ठा असायला हवा होता. इंजिन बसवलं तेव्हा मीच घातला होता. मग बऱ्याच वर्षांनी पत्रा बदलायला दादानं गाडी गॅरेजला आणली, त्या वेळी जुन्या पुठ्ठ्याचा भुगा झालेला होता. नवा माझ्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी गोरेगावचा बाजार, सवाऱ्यांचा दिवस, दादा घाईला आलेला. मी म्हटलं, पुढच्या खेपेला घालू. पत्रा ठोकला, वरून रबर अंथरलं. पुढच्या खेपेला दुसरंच काही काम निघालं आणि माझ्या डोक्यातून ते गेलं. त्यानंतरच्याच उन्हाळ्यात फोड आला.

मी तो पत्रा पालथा घालून गोठ्याच्या भिंतीला टेकवला. दादानं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही न्हाई. पार सडलाय."

पुढचे आठ-दहा दिवस मी रोज गेलो. ब्रेक केले, स्टिअरिंगचा ढिलेपणा काढला. चहा प्यायलो. घरी जेवण जात नव्हतं. बायकोनं विचारलं तर पोट बरं नाही म्हणून सांगितलं. स्वतःशी म्हणायचो, फोड कशानंही आला असेल, अनवाणी चालणारा माणूस. पण तो निळा पट्टा मी बघितला होता.

एक दिवस वहिनींची मावसबहीण भेटायला आली. दादाजवळ बसली, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मग तिनं पायाचा विषय काढला. वहिनी चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "काय सांगू बाई, माझंच ध्यान न्हवतं. रोज पाय धुऊन दिले असते तर—"

मी हातातला पाना खाली ठेवला. मी म्हटलं, "वहिनी, तुमचं ध्यान नसल्यानं न्हाई झालं ते."

मी गोठ्याकडे जाऊन पत्रा आणला, सरळ केला आणि दादाच्या बाजेपुढे टाकला. पुठ्ठ्याचं सांगितलं, पाईपाचं सांगितलं. सांगताना मी असंही म्हणालो, की दादा, त्या दिवशी तूच घाई केली होतीस. तेवढं बोललो नसतो तर बरं झालं असतं. अजून टोचतं ते.

दादानं कुबडीच्या टोकानं पत्र्यावरचा पट्टा दोनदा घासला, रंग जातो का बघावं तसा. मग म्हणाला, "बराबर हाय. मीच घाई केली व्हती." बस्, एवढंच. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

वहिनींनी विचारलं, "तुमाला कधी कळलं?"

"पत्रा काढला तेव्हा."

"कधी काढला?"

"आठ-दहा दिवस झाले."

"म्हंजी धा दिवस तुमी माझ्या हातचा चहा पिऊन राहिले, भाऊजी. अन् मी लोकांम्होरं माझंच चुकलं म्हनून सांगून राहिले." त्यांनी माझ्यासमोरचा अर्धा कप उचलला, लिंबाच्या बुडाशी ओतला आणि आत गेल्या. मावसबहीण काही वेळानं उठून त्यांच्यामागे गेली.

दुसऱ्या दिवशी जावं की नाही, हे मला कळत नव्हतं. दहा वाजून गेले आणि दादाचा फोन आला. "काहून आला न्हाई? गाडी उघडी पडलीय." गेलो. त्या दिवसापासून मी पाण्याची बाटली घरून न्यायला लागलो. वहिनी दारात आल्या तर माझ्याकडे न बघता कोंबड्यांना दाणे टाकून परत जायच्या.

नवा पत्रा मी दुहेरी घातला, मध्ये उष्णता अडवणारी चादर, तीही दोन थरांची. दादा बघत होता. "आता कशाला इतकं?" तो म्हणाला. "त्या अंगाला आता पायच न्हाई." तो हसला. मला हसता आलं नाही.

मग क्लच. आधी मोटारसायकलच्या क्लचसारखी तार लावून बघितली, ती तिसऱ्या दाबालाच तुटली. मग जाड सळई घेतली, गिअरच्या दांडीशेजारी हातभर उंचीचा दांडा उभा केला आणि पायाचं पेडल काढून सळईनं तो खाली क्लचला जोडला. दांडा मागे ओढला की क्लच दबतो. ओढायला फार जड जायचा, म्हणून मध्ये एक स्प्रिंग घातली, सांधा दोनदा बदलला. डाव्या हातानं दांडा ओढून धरायचा आणि त्याच हाताच्या बोटांनी गिअर टाकायचा, तोवर उजव्या हातात स्टिअरिंग. चढायला खालची पायरी वीतभर उतरवली आणि धरायला कठडा लावला. सडकेवर काढायची नाही, त्याला कागदपत्रं लागतात, हे मी दादाला आधीच बजावलं होतं. शिवारातल्या वाटेपुरतीच. तो व्हय म्हणाला.

दसरा उलटून गेल्यावर एकदाची गाडी निघाली. पहिल्या दिवशी मी शेजारी बसलो. दोनदा बंद पडली, तिसऱ्या वेळी हलली. वहिनी ओसरीवर उभ्या होत्या. दादा घामाघूम झाला, पण वरच्या शेतापर्यंत त्यानं नेली. बांधाजवळ थांबवून बराच वेळ तुरीकडे बघत बसला. मला वाटलं, खूश होईल. तो म्हणाला, "शेत ल्हान दिसून राहिलं रे."

तरीही रोज जायचा. एकदा पुसेगावच्या शिवेपर्यंत वाटेवाटेनं जाऊन आला. तेव्हा ओळखीच्या कुणीतरी हाक मारली, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. दोन महिने असे गेले. त्या दोन महिन्यांत मला जरा झोप लागायला लागली होती.

कापसाच्या वेचणीच्या दिवसांत खालच्या शेतात एका धनगर कुटुंबाची मेंढरं खतासाठी बसली होती. दुपारची वेळ, लख्ख ऊन. मी दादाबरोबर होतो. वाटेच्या कडेला कळप चरत होता, त्यातली काही वाटेवर आलेली. मला वाटलं, तो थांबवील. त्यानं वेग कमी केला, पण थांबला नाही. मी ओरडलो तेव्हा एक मेंढी चाकाखाली आली होती.

धनगराची बायको धावत आली. मेंढी तडफडत होती. ती बाई ओरडली नाही. तिनं मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं आणि दादाकडे बघून विचारलं, "दिसली न्हाई व्हय, दादा?"

दादा स्टिअरिंग धरून तसाच बसला होता. "पांढरं दिसलं," तो म्हणाला. "मला वाटलं, कापसाचा ढीग हाय."

घरी परत मी गाडी आणली. तो दांडा मला नीट ओढता येत नव्हता, रस्ताभर धक्के खात आलो. अंगणात थांबल्यावर दादा म्हणाला, "एक महिना झाला, डोळ्यावर जाळी आल्यावानी दिसतंय."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू गाडी बंद केली असती."

त्याला रागवायचा हक्क मला नव्हता. हिंगोलीला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. आजार डोळ्यांत उतरला होता. डावा गेल्यातच जमा, उजवा राहील तेवढा राहील, असं ते म्हणाले. मेंढरांचं कुटुंब तोवर पुढच्या गावाला निघून गेलं होतं. मेंढीचे पैसे द्यायला मी विचारत गेलो, पण ती बाई पुन्हा भेटली नाही.

उन्हाळ्यात सेनगावकडच्या एकानं जीप बघितली. जुन्या गाड्यांचा त्याला शौक. लग्नाच्या वरातीला मिरवायची म्हणाला. टप काढून टाकणार, मोठी चाकं, पुढे दिव्यांची रांग. दादानं देऊन टाकली, फार विचारही केला नाही. त्या माणसाची एकच अट होती, तो हाताचा दांडा काढून पायाचा क्लच परत बसवून द्यायचा. मी बसवून दिला. जोडायला मला पावसाळा लागला होता, काढायला दुपारही पुरी लागली नाही. दादा बाजेवर होता. आवाजावरून त्याला कळत असावं मी काय सोडतोय ते.

गाडी गेल्यावर मला तिकडे जायचं कारण उरलं नव्हतं. चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी सकाळी गेलो, दादाशेजारी बसलो आणि त्याचा राहिलेला उजवा पाय मांडीवर घेतला. तळवा बघितला, बोटांच्या बेचक्या एकेक करून बघितल्या. तो म्हणाला, "हे काय चालवलंस?" मी म्हटलं, "राहू दे." दुसऱ्या दिवशीही गेलो.

आता रोज जातो. वहिनी माझ्याशी अजूनही कामापुरतंच बोलतात आणि चहा विचारत नाहीत. मधल्या काळात एवढंच झालं, की मी जायच्या आत बाजेखाली कोमट पाण्याचं घमेलं आणि स्वच्छ फडकं ठेवलेलं असतं. परवा मी पाय पुसत होतो तेव्हा त्या दारातून म्हणाल्या, "अंगठ्याचं नख वाढलंय. जपून काढा, भाऊजी."

मी जपून काढलं.