सगळं जाणणारे हरिदासराव

माणसाला कोणत्या वयात काय सुचेल ते सांगता येत नाही. सचिवालयात जन्मभर बाबूगिरी केलेल्या हरिदासरावांना निवृत्ती तोंडावर आली असताना गोष्ट लिहायची हुक्की आली. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या मराठी मंडळींनी गणपतीत कथावाचन ठेवलं होतं, ते निमित्त. खरं कारण घरात होतं. मध्य प्रदेशाचे दोन भाग होऊन रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, तेव्हा भोपाळच्या ऑफिसात जो तो रायपूरची बदली टाळायला ओळखी शोधत होता, आणि या गृहस्थाने ती मागून घेतली. का, तर बायकोचं, शांताबाईंचं, माहेर तिथल्या सदर बाजारात. बायकोला माहेर मिळावं म्हणून त्यांनी भोपाळचा तलाव, जमलेले मित्र, सगळ्यावर पाणी सोडलं. नव्या राजधानीचं नवेपण ओसरायला लागलं, पण बाईंनी एकदाही म्हटलं नाही की तुम्ही माझ्यासाठी केलं. तेवढं एक वाक्य त्यांना ऐकायचं होतं. भर मंडपात गोष्ट वाचली तर ती म्हणेलच, असा त्यांचा अंदाज.

पहिला खर्डा 'मी'चा झाला. मी असं केलं, मी तसं सोसलं. शेजारच्या यशवंतरावांनी तो वाचून चष्मा काढला आणि विचारलं, की एवढा भला माणूस भिंतीपलीकडे राहतो नि आम्हाला पत्ता नाही, हे कसं? हरिदासराव दुखावले. त्यांनी कॉलेजात साहित्य शिकवणाऱ्या अपर्णाला गाठलं. कथावाचनाचं तीच बघत होती. तिने समजावलं, की 'मी' सांगतो ते त्याला दिसलं तेवढंच असतं, आणि वाचणारा त्याच्यावर शंका घ्यायला मोकळा असतो. आता स्वतःच्या घरात घडलेल्या गोष्टीवर शंका कसली, हे काही हरिदासरावांच्या डोक्यात शिरेना.

तरी त्यांनी जिथे 'मी' होता तिथे 'तो' केला. तो भला, तो सोशीक. अपर्णा हसली. माणूस तोच आहे, फक्त सदरा बदललाय, असं म्हणाली. 'तो' लिहूनही काका त्याच्याच खांद्यावर बसून बघताहेत. मग तिने आणखी एक प्रकार सांगितला, सगळं जाणणारा. हा कोणाच्याही घरात शिरतो, कोणाच्याही मनातलं सांगतो. हे मात्र हरिदासरावांना एकदम पटलं. साहेबांची मनं ओळखण्यात हयात गेलेली, तिथे बायकोचं मन म्हणजे किस झाड की पत्ती! त्यांनी झोकात लिहिलं: रायपूरचं नाव ऐकताच तिच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

अपर्णाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "काका, ये काकू ने खुद बताया था?"

त्यात सांगायचं काय, असं ते म्हणाले खरे, पण घरी येईपर्यंत डोक्याला भुंगा लागला. शांताबाई खाली बसून लाल भाजी निवडत होत्या. हरिदासराव समोर पाट घेऊन बसले.

"रायपूरचं पक्कं झालं, तवा तुले कसं वाटलं होतं?"

"आता काहून विचारता?"

"गोष्टीत लिहाचं आहे."

बाईंनी पुढची जुडी ओढून घेतली. मग खाली बघतच म्हणाल्या, "मले यायचंच नव्हतं."

आणि सांगत गेल्या. भोपाळात त्यांना आयुष्यात पहिल्यांदा असं घर मिळालं होतं, जिथे त्या कोणाची लेक नव्हत्या, कोणाची नणंद नव्हत्या. इथे आल्यापासून भावजयीचा निरोप आला की पापड लाटायला जा, पाहुणे आले की पोळ्या करायला जा. डोंगराचं काय घेऊन बसलात, माहेरही दुरूनच साजरं.

"मग तवा बोलली काहून नाही?"

"तुम्ही किती खुशीत सांगून राहिले होते. मले वाटलं, यांलेच जायचं आहे, नव्या राजधानीत यांचं काही चांगलं होईन. म्हणून हव म्हटलं."

"मले कुठं यायचं होतं? मी तर तुह्यासाठी..."

वाक्य अर्धंच राहिलं. यायचं ना याला होतं, ना तिला, आणि सामानाचा ट्रक मात्र भोपाळहून रायपूरला आला होता. हरिदासरावांना फार वाईट वाटलं. पण ते स्वतःसाठी वाटतंय की तिच्यासाठी, हेही त्यांना धड उमगेना.

गणपतीत त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते उठले नाहीत. अपर्णा जवळ येऊन विचारू लागली, की शेवटी गोष्ट सांगणारा कोणता ठरवला?

"सगळं जाणणारा तर मी नाही, पोरी," ते म्हणाले. "बाकीचं अजून विचारूनच राहिलो आहे."

घरी परतताना शांताबाई आपणहून बोलल्या. "काही म्हणा, केलं तर तुम्ही माह्यासाठीच."

हेच वाक्य ऐकायला त्यांनी एवढे कागद खराब केले होते. आता ते मिळालं, तर कुठे ठेवावं ते कळेना.

"रिटायर झालो की परत भोपाळले जायचं का?" त्यांनी विचारलं आणि लगेच जीभ चावली. "नाही, थांब. तुले काय वाटते, ते आधी सांग."

"आधी तुम्ही सांगा," शांताबाई म्हणाल्या.

घर येईपर्यंत कोणीच सांगितलं नाही.