जांभळी बशी

बालाघाटच्या आमच्या कॉलेजात एक सर रसायनशास्त्र शिकवतात. माझी वनस्पतिशास्त्राची खोली शेजारीच. त्यांच्या कोटाच्या खिशात सहा बाजूंनी काड्या खुपसलेला बटाटा असतो. हे त्यांचं रेणूचं मॉडेल: बटाटा म्हणजे कोबाल्ट. दोन काड्यांवर बोरं, म्हणजे क्लोरीन. ती ते चहा पिताना कधी समोरासमोर खोचतात, कधी शेजारी-शेजारी. शिकवतात हिंदीत. मराठी फक्त राग आल्यावर.

परवा प्रॅक्टिकलला लांजीच्या एका मुलीचे त्याच कोबाल्टच्या संयुगाचे स्फटिक छान हिरवे आले होते. आणखी सुबक व्हावेत म्हणून तिने ते पाण्यात विरघळवून पुन्हा आटवले, तर जांभळे झाले. घाबरून तिने शेजारणीच्या बशीतले हिरवे उचलून आपले म्हणून दाखवले. हे त्यांनी पाहिलं होतं.

"काहून घेतलं दुसरीचं? जांभळंही तेच होतं. समोरासमोरचे क्लोरीन शेजारी येऊन बसले, एवढंच. ते दाखवलं असतं त पूर्ण मार्क देल्ले असते तुले."

त्यांनी शून्य दिलं; दारातून मला सगळं दिसत होतं. मुलगी रडू लागली. मग त्यांनी तिची जांभळी बशी घेतली, आम्ल ओतलं आणि वाफेवर ठेवून तिच्याजवळ उभे राहिले. बशी हळूहळू हिरवी झाली.

"हे घे. हे तुह्यं हिरवं." पुन्हा मराठीच, पण आवाज मऊ.

मला वाटलं, आता शून्य खोडतील. त्यांनी पेन बटाट्याशेजारी खिशात ठेवलं.