नाव घातलेला फोन

ओरखडा दिसला की माझं डोकं फिरतं. बीडच्या माझ्या घरात टीव्हीचा रिमोट अजून दुकानातून आणलेल्या प्लास्टिकमध्ये आहे. फोनला पुढून जाड काच, मागून कव्हर आणि त्या कव्हरला वरून पाकीट. नाकापेक्षा मोती जड, असं नवरा म्हणतो. म्हणो बापडा. मी परळीत वाढलेली आहे. तिथे औष्णिक वीज केंद्राची राख खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या साडीवर, पालथ्या घातलेल्या पेल्यावर येऊन बसते, आणि पदराने नुसतं पुसलं तरी काचेवर बारीक चरे उठतात. वस्तू जपायची तर झाकूनच ठेवायची, हे मी तिथेच शिकले.

आई परळीच्या त्याच घरात राहून शिकली ते नेमकं उलटं. वस्तू वापरायला असते, एवढंच तिला ठाऊक.

दादाने पुण्याहून तिला फोन आणून दिला, काळाभोर, पाठीलाही काच. महिनाभरात पदराने पुसून पुसून तिने ती पाठ चरचरीत करून टाकली. मी तणतणत तो अंगणात नेला, किती वाट लागलीय ते बघायला उन्हात धरला आणि बघतच राहिले. एरवी वेडेवाकडे दिसणारे ते चरे उन्हाच्या ठिपक्याभोवती गोल गोल मांडल्यासारखे चमकत होते. फोन हलवला की ती वर्तुळंही ठिपक्याबरोबर सरकत होती. राखेने काढलेलं असलं काही मी पहिल्यांदाच बघत होते.

पुढे शेजारच्या बारशात आई चुकून दुसऱ्याच बाईचा फोन घेऊन आली. सगळ्यांचे फोन सारखेच काळे. आमच्याकडे स्टीलचं भांडं घेतलं की दुकानदार गुणगुणणाऱ्या सुईच्या मशीनने त्यावर नाव घालून देतो, म्हणजे लग्नकार्यात ते हरवत नाही. आईच्या पराती, डबे, अगदी पळीवरही तिचं नाव आहे. तिने फोन उचलला आणि थेट भांड्यांच्या दुकानात नेला.

"परातीवर घालता, मग फोनवर कावून न्हाई?" तिने भांडेवाल्या चाचांना विचारलं.

चाचांनी मशीन सुरू केलं. पहिल्या अक्षराची उभी रेघ झाली आणि काच टक्कन वाजली. नाव राहिलं बाजूलाच, तडा मात्र पाठभर पसरला. मी फोनवरून आईला इतकं बोलले की नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला. आई म्हणाली, "चालतोय की. फुटला कुठं?"

त्यानंतर आईची नजर गेली. पूर्ण नाही. डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणार नाही, कडेकडेचं दिसेल. म्हणजे तिला दाराची चौकट दिसायची, पण दारात उभं कोण आहे ते दिसायचं नाही. वडील आधीच गेलेले. दादा म्हणाला, आता पुण्याला चल. आई म्हणाली, "हितं मला हातानं घर दिसतं. तिथं मी भिंती चाचपत बसू का?" शेवटी दादाने एक अट घातली. तिला अडीअडचणीला स्वतःचा स्वतः फोन लावता आला तर तिने परळीत राहावं. नाहीतर दिवाळीनंतर पुणं.

अट चुकीची नव्हती. म्हणूनच मला तिची भीती वाटत होती.

मी तिच्या फोनच्या पहिल्याच पानावर चार मोठे फोटो लावले: मी, दादा, शेजारच्या काकू आणि ओळखीचे एक रिक्षावाले. फोटोवर अंगठा दाबला की फोन लागणार. पण गुळगुळीत काचेवर फोटो हाताला कसा लागणार? माझ्याशी बोलायचं म्हणून तिने दोनदा रिक्षा बोलावली. रिक्षावाले बिचारे आले आणि चहा पिऊन गेले. मी मनात तिची बॅग भरायला घेतली होती.

आणि मग तिचे फोन मला लागायला लागले. रोज, बिनचूक. कसं, ते कळेना. तिकडे आणखी एक कटकट चाललीच होती. मी फोनला कव्हर घालून यायची आणि ती काढून टाकायची. फुटलेल्या काचेला कव्हर नको म्हणजे काय? मी चिडून परळी गाठली.

दुपारी मी तिच्यासमोर तूर निवडत बसले होते. तिने फोन घेतला, माझं नवं कव्हर सोलून बाजूला ठेवलं आणि मागच्या काचेवर तर्जनी फिरवायला लागली. हळू, एका तड्यावरून. एका जागी बोट थांबलं, पुढून अंगठा टेकला आणि माझ्या मांडीवरचा फोन वाजला.

"आई, हे काय केलंस?"

"तुला लावला." तिने माझं बोट ओढून काचेवर ठेवलं. "ही चाचांनी काढलेली रेघ. हे आपलं घर, हितंच शेजारच्या काकू. हितून रस्ता निगतो. पुढं ह्यो फाटा. फाट्यावर तू हायस. डाव्या अंगाला वळलं की तुजा दादा. खाली पार टोकाला रिक्षा."

"अगं, पण फोटो पुढच्या बाजूला आहेत."

"मग? वाकळ शिवताना खालचं बोट न बघता सुई गाठतंय का न्हाई? माघं बोट ठिवायचं, त्याच्यासमोर पुढून अंगठा. लई सोपं हाय."

ज्या काचेवरून मी तिला घालून पाडून बोलले होते, त्या काचेवर माझ्या आईने आख्खा मुलूख वसवला होता. दिसणारी बाजू तिला कोरी होती आणि फुटकी बाजू वाचता येत होती. मी परत परत तिला फोन लावायला लावला. प्रत्येक वेळी माझाच वाजला, आणि प्रत्येक वेळी मला रडू यायला लागलं.

दिवाळीला दादा आला. फराळाच्या वेळी आईच्या बोटात काचेचं कुसळ गेलं, रक्त आलं. दादा हळवा आहे. त्याने कुणाला न विचारता फोन नेला आणि स्टेशनजवळच्या दुकानातून पाठ बदलून आणली. नवी काच इतकी स्वच्छ होती, की एरवी मी तिची दृष्ट काढली असती.

"आता लाव बघू मला," तो कौतुकाने म्हणाला.

आईची तर्जनी त्या काचेवर फिरत राहिली. वर, खाली, कडेने. घर नव्हतं, रस्ता नव्हता, फाटा नव्हता. तिने अंदाजाने अंगठा टेकला. पलीकडून रिक्षावाल्यांनी विचारलं, "येऊ का, मावशी?"

दादाने माळ्यावरची बॅग खाली काढली.

मी त्याला तड्यांचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण कुणी आपली समजूत काढत असलं की माणूस ऐकतो तसं. आई मात्र उठून चप्पल शोधत होती. "चाचांच्या दुकानात चला. आल्यावर भरू बॅग."

चाचांनी फोन बघून दोन्ही हात मागे घेतले. दुधाने तोंड पोळलेलं, ताकही फुंकूनच पिणार. "भाभी, काच हाय ही. एकदा झालं ते बास झालं."

"मशीन चालू करू नका. नुसती सुई ओढा. फुटली तरी मी तुमाला नाव ठिवायची न्हाई."

मग तिने मला पुढून एकेका फोटोवर बोट ठेवायला लावलं. मागून स्वतःचं बोट त्याच्यासमोर आणून ती चाचांना म्हणायची, "हितं." चाचा श्वास रोखून बंद मशीनची सुई दोन-तीनदा ओढायचे. काच करकरायची. माझे दात शिवशिवत होते, पण पहिल्यांदाच एखादा ओरखडा आणखी खोल जावा असं मला वाटत होतं. घर, फाटा, डावं वळण, टोक. शेवटी घरापासून सगळीकडे जाणाऱ्या रेघा.

आईने फोन हातात घेतला. तर्जनी घरापासून निघाली, फाट्यावर जरा थांबली आणि डावीकडे वळली. अंगठा टेकला. दादाच्या खिशात फोन वाजला.

त्याने तो काढला, माझ्याकडे बघितलं आणि कानाला लावला.

"बाळा," पातेल्यांच्या उतरंडीकडे तोंड करून आई फोनमध्ये म्हणाली, "आई बोलती. मी हितंच राहते रे. तू येत जा."

दादा तिच्यापासून हातभरावर उभा होता. तरी त्याने फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि फोनमध्येच म्हणाला, "बरं, आई."