परत पहिल्यासारखं होतं का?

किस्से कापसाच्या तंतूंसारखे असतात. वेचणीवरून घरी आल्यावर कितीही झटका, दोन-चार अंगावर राहतातच! चिखलीजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत मी सहावीला विज्ञान शिकवते. 'परिवर्तनीय आणि अपरिवर्तनीय बदल' या एकट्या धड्यानं मला वर्षभर पुरतील एवढे किस्से दिलेत.

वर्गात माझीच मुलगी, जुईसुद्धा आहे. नवऱ्यानं नोकरी सोडून बीटी कापूस लावायचं ठरवलं, म्हणून आम्ही पुण्याहून इथं आलो. पहिल्याच दिवशी तिच्या पुणेरी बोलण्याला पोरं हसली. तेव्हापासून, म्हणजे जूनपासून, तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. घरी टकळी, शाळेत खांब! आपण पोरीचं काहीतरी कायमचं बिघडवलं की काय, असं रोज फळा पुसताना मनात यायचं. बी.एड.ला हे शिकवलं नव्हतं.

* * *

बर्फ वितळताना दाखवायचा होता. गावात बर्फ कुठला? चिखलीहून स्टीलच्या डब्यात घेतला. जीप भरेपर्यंत तासभर हलली नाही. वर्गात झाकण उघडलं, तर नुसतं गार पाणी!

दारातून हेडसर म्हणाले, "मॅडम, आपल्या हापशाले पाणी नव्हतं काय?"

* * *

"उकडलेलं अंडं परत कच्चं होईल का?"

"होते ना मॅडम!" रेहान उठला. "कोंबडीले खाऊ घाला. उद्या कच्चं देते!"

मी मार्क दिले. काय करणार?

* * *

गृहपाठ दिला : दुधात लिंबू पिळून निरीक्षण करा. किती दूध, ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावानं कोरा चहा प्यायला. शेजारच्या काकू कप दाखवत म्हणाल्या, "मॅडम, आता गणितच शिकवा!"

* * *

"ओलं होणं, वाळणं. उदाहरण द्या."

समाधान म्हणाला, "कापूस! बाबा विकायच्या आंधी पाणी मारते. वजन वाढते. मंग वाळते."

"शाब्बास! कुठे वाळतो?"

"व्यापाऱ्याच्या घरी!"

दुसऱ्या दिवशी त्याचे बाबा फाटकात हजर. "मॅडम, अर्धा कापूस बोंडअळीनं खाल्ला. उरलेल्याले जराकसं पाणी मारलं, तं थे तुमी फळ्यावर लिहून टाकलं?"

मी सॉरी म्हणाले. खरंच लिहिलं होतं.

* * *

आणि मेणबत्तीचा तास!

केंद्रप्रमुख तपासणीला आले होते. बसले नेमके मागच्या बाकावर, जुईशेजारी. ती वहीत डोकं घालून. मी घाईघाईत काडी ओढली. मेणबत्ती पेटवली. मेण ओघळलं, बशीत घट्ट झालं.

"बघा, मेण वितळलं आणि परत मेणच झालं. म्हणजे मेणबत्ती जळणं हा परिवर्तनीय बदल!"

साहेब मान डोलावत लिहायला लागले. तेवढ्यात त्यांच्या शेजारून आवाज आला.

"ओ मॅडम! काऊन खोटं सांगून राह्यल्या? बुटकी झाली ना थे! जळालेलं मेण आता कुठून आणसान?"

साहेबांचं पेन थांबलं. माझ्या हातातल्या मेणबत्तीचं मेण बोटावर ओघळलं. सगळा वर्ग मागे वळला, आणि रेहान बाकावर चढून ओरडला,

"अबे, जुई बोलते!"