दारापासून चार हात अलीकडे

फोन शाळेत आला. मार्गशीर्षातली सकाळ होती, पहिला तास संपत आला होता. शिपाई बोलवायला वर्गाच्या दारात आला. ऑफिसात जाऊन रिसीव्हर कानाला लावला, तर पलीकडे रोह्याहून सदू. माझ्या यमुनावहिनीचा धाकटा भाऊ. "गुरुजी, ताय गेली," एवढंच म्हणाला. मिळेल त्या गाडीने रोह्याला गेलो, पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात सदूच्या घरी पोचलो, तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि ओट्याच्या पायरीवर तिचे बूट होते. सकाळचं चालणं आटपून ती परत आली होती. पायरीवर बसून तिने बूट काढले, जोडीने नीट ठेवले, आतल्या भावजयीला "गो, पानी दे जरा" म्हणाली, आणि पाणी येईपर्यंत तिची मान भिंतीला टेकली होती. डॉक्टर हृदयाचं म्हणाले.

सगळं उरकल्यावर सदूने ते बूट पिशवीत घालून माझ्या हातात दिले. म्हणाला, "गुरुजी, येक इचारू? ताय यायची तेव्हा मी ठेसनवर जायचो. उतरताना तिच्या पायात बूट आनि पिशवीत चपला. पेनला बसवून देनारी मानसं सांगायची, चढली तेव्हा चपलाच घातल्या होत्या. दर खेपेला असंच. कशाला करायची असं?" मी म्हणालो, "काय माहीत." मला माहीत होतं. महिना उलटून गेला तरी ते "काय माहीत" माझी पाठ सोडत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

वहिनी लग्न होऊन पेणजवळच्या हमरापूरला आमच्या घरात आली तेव्हा मी सहावीत होतो. आई आधीच गेलेली. माझ्या शर्टाची बटणं लावण्यापासून मला डी.एड.ला पाठवायचा हट्ट धरण्यापर्यंत सगळं तिने केलं. आमच्याकडे गणपतींचा कारखाना. कारखाना म्हणजे अंगणापलीकडची एक लांबलचक पत्र्याची शेड, मातीची जमीन आणि मूर्ती मांडायच्या फळ्या. म्हाताऱ्या वडिलांचा हात थरथरू लागला, तेव्हा त्यांनी डोळ्यांच्या आखणीचा कुंचला मुलाच्या नव्हे, सुनेच्या हातात दिला. अंगाचा रंग कुणीही देईल, पण डोळे सगळ्यांत शेवटी, आणि ते वहिनीच आखणार. दादा गेल्यावर कारखाना नावाला माझा होता, चालायचा तिच्या हातावर. वर्षातले आठ-नऊ महिने मांडी घालून, मान खाली घालून ती बसायची. पन्नाशी ओलांडेपर्यंत गुडघे धरले होते आणि रक्तात साखर निघाली होती.

मग तिची आई आजारी पडली आणि वहिनी दोन महिने अष्टमीला जाऊन राहिली. तिथल्या डॉक्टरांनी तिला रोज तासभर चालायला सांगितलं. सदूला कंपनीतून दरवर्षी कॅनव्हासचे बूट मिळायचे, त्यातला एक नवा जोड त्याने तिला दिला. पुरुषी मापाचे, म्हणून पुढे कापूस कोंबून तिने ते घातले. नऊवारी, डोक्यावर पदर आणि पायात निळे बूट. अष्टमीहून निघायचं, पुलावरून रोह्यात जायचं, परत यायचं. तिथे पहिल्या शिफ्टची माणसं घाईघाईने निघालेली असतात, कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसतो. दोन महिन्यांनी परत आली ती तोंडावर तजेला घेऊनच. मला म्हणाली, "भावजी, पुलावर मधे उभं राह्यलं ना, की वारा असा लागतो... आनि मला कळलं, मी आजवर कधी नुसती चाललेच नव्हते. पान्याला गेले, बाजारात गेले, नुसती कधी नाय."

हमरापूरला नुसतं चालता येत नाही. घरोघरी कारखाने, प्रत्येकाचं दार रस्त्यावर, आणि दारात बसलेल्या माणसाचे हात कामात असले तरी तोंड मोकळं असतं. "यमुनाबाय, कुठं?" "कुठं नाय, चालतेय." हे उत्तर आमच्या गावाला कळेना. विहिरीवर जा, देवळात जा, कुणाच्या मयताला जा, पण कुठं नाय म्हणजे काय? आठवड्याभरात नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर एकाने मला चारचौघांत विचारलं, "गुरुजी, वहिनी बूट घालून कोनाच्या मागं पळतात?" सगळे हसले. मीही हसलो.

आणि घरी येऊन तिला म्हणालो, "वहिनी, हातात पिशवी तरी घेत जा. दुकानात चालल्यासारखं दिसेल." तिने दुसऱ्या दिवसापासून पिशवी घेतली. मग लोक विचारू लागले, काय आणलंस? रिकामी पिशवी दाखवायची कशी, म्हणून ती खरंच काहीतरी घेऊ लागली. महिन्याभरात आमच्या फडताळात जिऱ्याच्या अकरा पुड्या जमल्या. माझी बायको हसून म्हणाली, "आता जन्मभर जिरं नको." वहिनीही हसली. तरी बोलणारे बोलायचे थांबले नाहीत, तेव्हा एके दिवशी शाळेतून तणतणत आलो आणि सांगितलं, "तुला चालायचंच असेल तर कारखान्यात चाल. रस्त्यावर नको. मला गावात मान वर करून फिरायचंय." ती म्हणाली, "व्हय, भावजी." त्याच आठवड्यात मी सातवीच्या वर्गाला 'व्यायामाचे महत्त्व' हा निबंध लिहून दिला होता. दरवर्षी देतो. 'शरीर हेच सर्वांत मोठे धन' ही सुरुवातही ठरलेली. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एकालाही कळलं नाही की फळ्यापुढे उभा असलेला माणूस ढोंगी आहे.

ती कारखान्यात चालू लागली. गणपती गेल्यावर शेड रिकामी असते, तेव्हा भिंतीकडेने पूर्ण फेरा मिळायचा. मग कच्च्या मूर्ती निघू लागल्या, एकेक फळी भरू लागली की वाट अरुंद व्हायची. आषाढात तर मूर्तींच्या दोन रांगांमधून लुगड्याचा काष्टा सावरत, आडवी होऊन जायची. "गनपती वाढले की मी बारीक व्हायला पायजे," म्हणायची. खरंच बारीक झाली. साखर उतरली, गुडघे सैल झाले आणि तिची आखणी पूर्वीपेक्षा सुरेख होऊ लागली. एकदा पहाटे मी कशाला तरी आत गेलो, तर ती त्या पांढऱ्या मूर्तींमधून फेऱ्या घालत होती. मला बघून थबकली. मग मूर्तींकडे हात करून म्हणाली, "यांना अजून डोळे नायत ते बरं हाय, भावजी. कोन बघत नाय." चेष्टेनेच म्हणाली. मी त्यातलीही चेष्टाच तेवढी उचलली आणि चहा प्यायला निघून गेलो.

अशी तीन वर्षं गेली. गेल्या आषाढात काम जास्त आलं. मांडायला जागा पुरेना. कारागीर विचारायला आले, तेव्हा मी पडवीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होतो. म्हणालो, "ती भिंतीकडची वाट आहे ना, तिच्यावर आडव्या फळ्या टाका." दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बूट घालून शेडच्या दारात आली. फळ्या पाहिल्या. खाली बसली, बूट काढले, दाराजवळच्या खुंटीला अडकवले आणि कुंचला घेऊन तिथेच आखणीला लागली. मी पडवीतून सगळं पाहत होतो. तिने मान वळवली तसा मी पेपर वर धरला. जागा नव्हती असं नाही. मी बसलो होतो त्या पडवीत वीस-पंचवीस मूर्ती सहज मावल्या असत्या. पण तिथे माझी खुर्ची होती, आणि येणारे लोक गुरुजींना तिथे भेटत.

गणपती गेले, शेड मोकळी झाली. ती पुन्हा चालू लागेल असं मला वाटलं होतं. ती लागली नाही. मीही म्हणालो नाही, की जागा झाली, चाल आता. चार शब्द होते. दसरा गेला, दिवाळी गेली, साखर परत चढली. कारखान्याची जमीन दरवर्षी दिवाळीनंतर ती स्वतः उभी राहून चोपून, सारवून घ्यायची. यंदा म्हणाली, "अष्टमीला जाऊन येते, आल्यावर सारवू. पुलावर चालीन जरा." मी पेण स्टेशनवर सोडायला गेलो होतो. बाकावर बसल्या बसल्या म्हणालो, "नुसतं चालायला एवढ्या लांब?" ती हसली. गाडी आली. पायात चपला होत्या, मांडीवरची पिशवी फुगलेली होती. आत काय आहे ते मी विचारलं नाही. "एवढ्या लांब?" हेच माझं तिच्याशी शेवटचं बोलणं.

मी तिला मारलं, असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, ते कधीही होऊ शकलं असतं. मला लाज वाटते ती मरणाची नाही. जिने मला वाढवलं, तिची मला तीन वर्षं लाज वाटत होती, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं, याची वाटते.

तेराव्यानंतर मलाच चक्कर आली. पेणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर. म्हणाले, रोज तासभर चाला. बावन्नाव्या वर्षी! रस्त्यावर जायची काही माझी छाती होईना. लोक म्हणतील, वहिनीला जाऊन महिना नाही झाला आणि गुरुजी हवा खायला निघाले. म्हणून सकाळी कारखान्यात गेलो. सदूने दिलेले बूट आतला कापूस काढल्यावर मला बरोबर बसले. आत शिरल्यावर पहिलं काम काय केलं, तर दार लावून घेतलं.

जमीन यंदा सारवायची राहिली होती. पत्र्याच्या फटींतून उजेड आला तशी भिंतीकडेने एक पायवाट दिसली, हातभर रुंद, बुटांनी बसून गुळगुळीत झालेली. तिच्यावरूनच चालू लागलो. पण दाराच्या अंगाला आलो, तर ती दारापर्यंत जातच नव्हती. चार हात अलीकडेच आत वळत होती. तिथे ना खांब, ना फळी, सगळी जागा मोकळी. मला काही उमजेना. जाऊन दार उघडलं आणि परत त्या वळणावर उभा राहिलो. तिथून अंगण दिसत होतं, हातपंप दिसत होता, पडवीचा कोपरा दिसत होता. एक पाऊल पुढे टाकलं... आणि माझी खुर्ची दिसली.

सारवायला येणाऱ्या बाईला मी नको म्हणून सांगितलं आहे. आता दार सताड उघडं ठेवून चालतो. येणारेजाणारे बघतात, काही हसतातही. रोज ठरवतो, आज दारापर्यंत जायचं, चार हात तर आहेत. पण वळणाशी आलो की खुर्ची दिसायच्या आधीच पाय आत वळतात.