दोन साक्षींचे मामेसासरे

एकाच्या सांगण्यावरून माझे मामेसासरे सूर्य उगवल्याचंही मान्य करत नाहीत. कुंभकोणमच्या बाजारात वांगी ताजी आहेत का, हे ते शेजारच्या भाजीवालीला विचारतात. डॉक्टरांनी ताप सांगितला की घरी येऊन स्वतःच्या थर्मामीटरचंही मत घेतात. पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेल्या आम्हा मराठी घरांतल्या रक्तदात्यांची यादीही त्यांनी संगणकावर दोन डेटाबेसांत ठेवली आहे, एक मायएसक्यूएल आणि दुसरा पोस्टग्रेस. दोन्ही फुकटचे, म्हणून दोघांवर सारखाच संशय! एकच शब्द दोघांना शोधायला लावायचा आणि कोण काय विसरला ते वहीत टिपायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा छंद. "दोघें एकच सांगिटले तरच खरें," असं ते म्हणायचे आणि आम्ही हसायचो.

बाळंतपणानंतर माझ्या बायकोचा रक्तस्राव थांबेना आणि ओ निगेटिव्ह रक्ताची एकच पिशवी उरली, त्या दुपारी माझं हसू पार आटलं. मी धावत मामांकडे गेलो. त्यांनी इंग्रजीत 'ओ नेग' टाइप केलं. मायएसक्यूएलने एकोणीस नावं दिली, पोस्टग्रेसने तीन. "थांबा, जांवई," म्हणत मामा चष्मा पुसू लागले. तिकडे माझी बायको पांढरी पडत होती. मला त्यांचं मानगूट धरावंसं वाटलं. आजवर त्यांनी हजारदा नावं शोधली होती, गावं शोधली होती, रक्तगट मात्र एकदाही नाही! "हा मायएसक्यूएल एका अक्षराचा शब्द धरतच नाही," ते पुटपुटले. "ओ सोडला, ए, बी, अस्की निगेटिव्ह, सगळेच घेऊन आला." दोघांचं जुळत नव्हतं, आणि न जुळलेलं उत्तर मामांनी जन्मात कुणाला दिलं नव्हतं. ते वहीकडे बघत राहिले. मग वही मिटून त्यांनी पोस्टग्रेसची तीन नावं कागदावर उतरवून माझ्या हातात दिली.

पहिला नंबर कुणी उचलला नाही. दुसरा दारासुरमच्या एका रेशीम विणकराचा होता. "निघालोंच, गाडी काढतों," तो म्हणाला. हाताशी आणखी कुणी असावं म्हणून मी नाव न वाचताच तिसरा नंबर फिरवला, तर फोन मामांच्याच खिशात वाजला. तो मामींचा होता. मामींना जाऊन दोन वर्षं झाली होती. मामांनी तो बंद केला नाही. आपोआप थांबेपर्यंत खिशावर हात ठेवून उभे राहिले.

बायको वाचली. काही महिन्यांनी मी भीतभीत म्हटलं, "मामा, ते नाव काढायला हवं. पुढच्या कुणाचा वेळ जाईल."

"काढतों," ते म्हणाले, "पण मग शोधलों तर मिळायची नाही."

यादीतून तिचा नंबर त्यांनी त्याच दिवशी काढला. नाव आणि रक्तगट अजून तिथेच आहेत, आणि मीही पुन्हा तो विषय काढलेला नाही.